नॅचरल कुणाला?

मराठी टाइप करायची सगळ्यात सोपी पद्धत कोणती, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: इंग्रजी अक्षरं दाबा, मराठी आपोआप उमटतं. एकदम नॅचरल! माझं म्हणणं, ज्याची बोटं इंग्रजी कळफलकावर घासून तयार झाली आहेत, त्यालाच ती नॅचरल वाटते.

आपल्या गावाचं नाव घ्या. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पहिलंच अक्षर छ. सीएच म्हणजे तर च झाला. मग कुठे दोन एच, कुठे कॅपिटल सी. सॉफ्टवेअर बदललं की नियम बदलला. त-थ-ट-ठ या चौघांची भांडणं टी आणि एचनेच मिटवायची! शब्द मनात मराठीत येतो, आपण त्याचं इंग्रजी स्पेलिंग करतो, यंत्र ते परत मराठी करतं. म्हणजे गुलमंडीहून पैठण गेटला जायचं, तेही वाळूजमार्गे.

आणि ज्या आत्या-काकू मराठी शाळेत शिकल्या, रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात, त्यांनी काय करायचं? त्या बिचाऱ्या नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवतात. आपण म्हणतो, त्यांना कॉम्प्युटर जमत नाही. अहो, जमत नाही ते इंग्रजी स्पेलिंग!

त्यांच्या डोक्यात मराठी व्यवस्थित लावलेली आहे. क ख ग घ, आणि मग बाराखडी. सरकारने १९८६ साली प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्टमध्ये याची जाण होती. स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, च च्याच कळीवर शिफ्ट धरून छ. 'छत्रपती' सात कळांत होतं. रोमनमध्ये बारा लागू शकतात. पण वर्ग वर्णमालेच्या क्रमाने नाहीत आणि कळांवर छापलेली अक्षरं इंग्रजी, म्हणजे पाठांतर आलंच.

मुंबई आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी थेट शाळेचीच पाटी हाती घेतली. २००४ साली त्यांनी मांडलेल्या कीलेख कळफलकावर अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने होती. पुढे टचस्क्रीन फोनसाठी स्वरचक्र आलं. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी उघडायची. पहिलीत शिकलेलंच पुन्हा कामाला!

आता कुणी म्हणेल, बराहा आणि गमभन नसते तर आपण ब्लॉगवाले लिहिते झालो असतो का? नसतो, मान्य. पण आपल्याला स्पेलिंग येत होतं. ज्यांना येत नाही, त्यांच्या गोष्टी, पाककृती, तक्रारी अजून लिहायच्याच राहिल्यात.

असो. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर मराठी लावून देणार असाल तर कृपा करून देवनागरी अक्षरांचा कळफलक लावा. पहिले आठ दिवस एकेक अक्षर शोधत बसतील, बसू द्या. आणि पहिला निरोप आला की त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नका :)