चुंबक बदलला तर बिघडलं कुठे?



आज जरा भांडायचं ठरवूनच बसलोय. भांडण आमच्याच नातेवाइकांशी आहे, त्यामुळे वाचता वाचता काहींना 'हे आपल्यालाच म्हटलंय' असं वाटेल. वाटू द्या! नाव मी कुणाचंच घेणार नाही.

विषय विजेच्या गिटारीचा. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, साकोलीच्या आजूबाजूला उभा जन्म व्याकरण शिकवलेल्या सत्तरीपारच्या मास्तराचा गिटारीशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध असा, की नातवाने आपल्या स्वस्तातल्या गिटारीच्या पिकअपमधला लोहचुंबक काढून दुसरा बसवला. त्यावर दिवाळीला जमलेल्या मंडळींचं म्हणणं पडलं, "चांगली वस्तू खोलून ठेवली पोट्ट्याने!" याला उत्तर द्यायला गिटार वाजवता यावी लागत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विजेच्या गिटारीत तारांखाली जी पट्टी दिसते ती पिकअप. तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि एक चुंबक असतो. वरच्या पोलादी तारा थरथरल्या की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत किंचितशी वीज तयार होते. तीच मोठी करून स्पीकरमधून ऐकू येते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युत चुंबकीय प्रवर्तन ते हेच. दहावीच्या विज्ञानात आपली सगळी मुलं त्याची व्याख्या पाठ करतात.

आता चुंबक बदलला की आवाज का बदलतो? एक तर चुंबकाचा जोर कमी-जास्त असतो. दुसरं म्हणजे तो कशाचा आहे यालाही महत्त्व आहे. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा सिरॅमिक म्हणजे फेराइटचा चुंबक असतो. दुसरी जात अल्निकोची. नावातच अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट आहेत, बाकी मुख्यतः लोखंड. या जातीची सुरुवात जपानच्या मिशिमा यांनी १९३१ मध्ये शोधलेल्या मिश्रधातूपासून झाली. अल्निकोत क्रमांक असतात. पाच क्रमांकात साधारण २४ टक्के कोबाल्ट, तर तीन क्रमांकात कोबाल्ट नाहीच. तीनचा जोर कमी, पाचचा जास्त. शिवाय अल्निको हा धातू असल्याने वेढ्यांना लोखंडी गाभ्यासारखी थोडी साथ देतो, सिरॅमिक जवळजवळ देत नाही. त्यामुळे वरचे टोकदार स्वर किती पुढे यायचे ते बदलतं. यात जादूटोणा काही नाही.

आता माझा पहिला प्रश्न. तबल्याची पुडी बदलली तर कुणी म्हणतं का, "चांगला तबला खोलून ठेवला"? पेटीचा सूर लावणारा कारागीर आतली पितळी जीभ घासतो. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. त्याला आपण चहा पाजतो आणि वर पैसे देतो. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचा गोडवा कशात आहे? घोडीची जवारी किती बारकाईने घासली यात! वाजवून वाजवून जवारी बिघडते आणि ती पुन्हा काढून घ्यावी लागते. त्यावेळी कुणी म्हणत नाही, की मूळ घोडीला हात लावू नका.

आपला भंडारा तर पितळेच्या भांड्यांचा जिल्हा. ज्या घरात वर्षानुवर्षं त्याच गुंडाला कल्हई करून घेतली, त्याच घरातली माणसं आज म्हणतात की कंपनीने दिलंय तसंच वापरायचं, नाही आवडलं तर नवीन घ्यायचं. झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर साथ करणाऱ्या वादकांना जाऊन विचारा. मध्यरात्री सूर अडला तर ते दुकान उघडायची वाट पाहतात की पेचकस काढतात?

दुसरं म्हणजे, 'कंपनीने विचार करूनच बसवलंय ना!' हा युक्तिवाद. अहो, विजेच्या गिटारीची सगळी गोष्टच फेरफारांची आहे! १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत रिकनबॅकरची पहिली विजेची गिटार झाली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची आणि तिच्या तारांवरून दोन नालाकृती चुंबक कमानीसारखे घातलेले. पुढे त्याच आडव्या, हवायन पद्धतीच्या गिटारीवर हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी वाजवलेली सिनेमाची गाणी आमच्या पिढीने रेडिओला कान लावून ऐकली. म्हणजे आजोबांच्या कानात हे चुंबक नातवाच्या आधीपासूनच आहेत!

गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी घरघर मारणारा दुहेरी पिकअप बनवला. त्याच्या पेटंटसाठी अर्ज १९५५ चा आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्या काळच्या ज्या पिकअपसाठी आज लोक लाखांनी पैसे मोजतात, त्यांत अल्निकोचे वेगवेगळे क्रमांक सापडतात. कारखान्यात त्या वेळी जो हाती असेल तो बसवला जाई. आणि ज्या सिरॅमिकला 'स्वस्तातला' म्हणून नाक मुरडतात, तोच घालून लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२ च्या सुमारास आपला सुपर डिस्टॉर्शन पिकअप काढला. दुसऱ्याच्या गिटारीतला पिकअप काढून त्या जागी बसवण्यासाठीच तो होता! तेव्हा 'मूळ' म्हणून जे काही पवित्र मानायचं, ते मुळातच खटपटीतून आलेलं आहे.

पण थांबा, टाळ्या वाजवणाऱ्या तरुण मंडळींनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. तुमच्यातले काही जण क्रमांकांचे भक्त झालेत. 'दोन म्हणजे गोड, पाच म्हणजे कडक, आठ म्हणजे दणका' असं पाढ्यासारखं म्हणतात आणि न ऐकताच चुंबक मागवतात. ही घोकंपट्टीच. चुंबक मागवण्याआधी पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू फिरवून तो तारांपासून खाली-वर करून पाहिलात का? फुकटात होतं ते, आणि फरक पुष्कळ पडतो. तारा नव्या घातल्यात का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग ऐकायचं, एवढी साधी शिस्त नसेल तर तुमची खटपट आणि दुकानदाराची जाहिरात यांत फरक काय राहिला?

नातवाला मी एवढीच अट घातली होती. तीच गिटार, त्याच तारा, तेवढाच आवाज ठेवून आधी आणि नंतर एकच धून मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि कोणती कोणती ते न सांगता घरच्यांना ऐकवायची. मला फरक फारसा कळला नाही. त्याच्या आजीने मात्र तिन्ही वेळा नवीन चुंबक बरोबर ओळखला. "आधीचा आवाज पत्र्यावर पडल्यासारखा होता, हा जरा बसका आहे," म्हणाली. चाळीस वर्षं कुकरची शिट्टी आणि भजनाची पेटी एकाच वेळी ऐकणारा कान आहे तो!

आणि उघडण्याआधी वाचायचंही असतं. दुहेरी पिकअपमध्ये खालचे चार स्क्रू सैल केले की पट्टीचुंबक आडवा सरकवून काढता येतो. पण जुन्या घडणीच्या काही एकेरी पिकअपमध्ये चुंबकाच्या कांड्यांवरच तार गुंडाळलेली असते. तिथे कांडी ढकलली की तार तुटली आणि पिकअप गेला. शिवाय नवा चुंबक घालताना जुन्याची कोणती बाजू कुठे होती ती खूण करून ठेवावी लागते. उलटा बसला तर दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो. नातवाने आधी होकायंत्र लावून खुणा केल्या होत्या. हे काय 'खोलून ठेवणं' झालं?

आता खरी गोष्ट. माझ्या उभ्या नोकरीत मी शाळांमधली विज्ञानाची कपाटं कुलपात पाहिली. 'मुलं फोडतील' हे कारण. गॅल्व्हानोमीटरची सुई हलताना न पाहता मुलांनी प्रवर्तनाची व्याख्या लिहिली आणि पूर्ण गुण घेतले. त्यांतलीच मुलं मोठी झाली, पालक झाली, आणि आता घरातलं पोर पेचकस हातात घेतं तेव्हा ओरडतात. शाळेत कुलूप, घरी ओरडा, आणि दुकानात 'खोलली तर वॉरंटी संपली' अशी चिठ्ठी. (वस्तू विकत घेतली आपण, आणि उघडायची परवानगी त्यांची!) केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, ते या दुखण्यावरच. पण घरातल्या काका-मामांच्या मनातलं कुलूप कोणतं पोर्टल उघडणार?

काही शे रुपयांच्या चुंबकाने त्या पोराला जे शिकवलं, ते दहावीला पैकीच्या पैकी गुण घेऊनही त्याला आलं नव्हतं. गिटारीचा आवाज सुधारला की नाही यावर वाद घाला, मी तयार आहे. पण आत काय आहे हे पाहणं म्हणजे वस्तू नासवणं, हे मला मान्य नाही. न उघडता जपून ठेवलेली आणि एक दिवस न कळता बंद पडलेली वस्तू जास्त नासलेली असते.

तेव्हा काकाजी, मामाजी, पुढच्या दिवाळीला पोरगा काही खोलून बसलेला दिसला तर आधी एवढंच विचारा, "खुणा केल्यास का रे बाप्पा?" केल्या असतील तर जवळ बसा आणि दिवा धरा.

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर कळवावं. भांडायला मी घरीच आहे.