चारशे वीस निशाणे

संगणकावरील खेळांविषयी आपल्या मंडळींत जे आक्षेप ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकांना उत्तर देण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, रात्रीच्या रात्री वाया जातात; हे सर्व खरे आहे. कादंबऱ्यांविषयीही एके काळी हेच बोलले जाई आणि तेही पुष्कळ अंशी खरे होते. आमचे भांडण बाहेरच्यांशी नाही. ते खेळणाऱ्यांशी आणि खेळ रचणाऱ्यांशी आहे, आणि ज्याला त्या गोटात 'साइड क्वेस्ट' म्हणतात त्या एका गोष्टीपुरतेच आहे.

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी दोन शब्द. 'ओपन वर्ल्ड' जातीच्या रोल प्लेइंग खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि त्याच्यापुढे एक अफाट मुलूख उघडा टाकलेला असतो : गावे, जंगले, पडके किल्ले, समुद्रकिनारे. एक मुख्य कथा असते. कोणाला तरी शोधायचे असते, कोणाला तरी मारायचे असते. पण त्या वाटेवरून केव्हाही उतरता येते. एखादी म्हातारी हाक मारते, कोणाचे माणूस बेपत्ता असते, डोंगराच्या कुशीत एखादी गुहा दिसते. वाटेवरून उतरून जे करावयाचे ते साइड क्वेस्ट. आणि काहीच करावयाचे नसता नुसते हिंडावयाचे, ती आपली भटकंती.

याविषयी खेळणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, हे सगळे भरताड आहे; मुख्य कथा पुरी करावी आणि मोकळे व्हावे. दुसरा म्हणतो, जितके अधिक तितके चांगले. हा दुसरा पक्ष खेळ विकत घेताना तो किती तासांचा आहे एवढेच विचारतो, जणू कापडाचे ठाण वाराने मोजून घेतो आहे. हे दोघे एकमेकांशी कितीही तावातावाने भांडोत, मुळात दोघांची समजूत एकच आहे. आडवाट म्हणजे हमरस्त्याला लावलेली पुरवणी. एकाला ती नकोशी, दुसऱ्याला हवीशी, इतकाच फरक. आमचा विरोध या समजुतीलाच आहे.

आपल्या वाङ्मयाचा ज्यांना थोडाबहुत परिचय आहे त्यांनी तरी या समजुतीला भुलू नये. उपाख्याने वगळली तर भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची, असे आदिपर्वातच सांगितले आहे. मुख्य कथा तेवढीच. बाकीचा जो विस्तार झाला, ज्यामुळे लोक लक्षश्लोकी महाभारत म्हणू लागले, त्यात केवढा वाटा आडवाटांचा आहे! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांशी ताडून तिने मागाहून घुसलेले असंख्य श्लोक तळटिपांत आणि परिशिष्टांत घातले. परंतु नळाची कथा राहिली, सावित्रीची राहिली. द्यूतात सर्वस्व गमावलेला धर्मराज अरण्यात बसून बृहदश्वाला विचारतो की, माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय. आणि बृहदश्व त्याला दुसऱ्या एका जुगारी राजाची हकीकत सांगू लागतो. त्या हकीकतीने कुरुक्षेत्र एका पावलानेही जवळ येत नाही. पण धर्मराज कोण आहे हे आपल्याला त्या वेळी जितके कळते तितके सभापर्वातही कळत नाही.

प्रत्यक्षातले उदाहरण हवे असेल तर तेही आपल्याच घरात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळवावी म्हणून. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता होती. ही त्यांची मुख्य कथा. मध्येच बंड उभे राहिले, यज्ञ बाजूस पडला, आणि भटजी फिरत फिरत झाशीस पोचले; राणी लक्ष्मीबाईला त्यांनी पाहिले, शहराचा वेढा आणि लूट पाहिली. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्यातून आडवाट काढून टाका, काय उरेल? एका भिक्षुकाचा जमाखर्च.

आता खेळाकडे वळू. २०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 'द विचर ३' हा खेळ काढला. त्यात अगदी आरंभीच्या खेड्यात एक म्हातारी एका बंद झोपडीपाशी दार ठोठावताना भेटते. तिचा तवा कोणी परका माणूस घेऊन गेला आहे आणि दार उघडत नाही. राक्षस मारणे हा ज्याचा धंदा, त्या नायकाला ती तवा आणून द्यायला सांगते. आत शिरल्यावर एक प्रेत दिसते, जळके कागद दिसतात, आणि तवा मात्र घासूनपुसून लख्ख केलेला. त्याच्या बुडाची काजळी कोणीतरी खरवडून शाई केली आहे. येथे चोरून काही लिहिले जात होते. म्हातारीला यांतले काहीच नको असते. तिला तवा हवा असतो आणि तो स्वच्छ मिळाला म्हणून ती खूश होते. पाच मिनिटांचे काम आणि मोबदला नगण्य. पण परकी फौज येऊन बसलेल्या मुलखात लोक कसे राहतात हे त्या तव्याने जेवढे सांगितले तेवढे पुढच्या कित्येक लढायांनीही सांगितले नाही. साइड क्वेस्ट म्हणजे आमच्या मते हे.

आणि त्याच खेळात, पुढे स्केलिगे नावाच्या बेटांचा समुद्र लागतो. त्या समुद्राच्या नकाशावर प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला आहे. होडीने जावे, पाण्यात तरंगणारी पिंपे गाठावी, त्यांतून जुन्या तलवारी आणि चिंध्या काढाव्या, प्रश्नचिन्ह पुसले जाते, की पुढचे. एकाच घराच्या माजघरात तो तवा आणि ओसरीवर ही अडगळ! दोन्हींना खेळणारे एकच नाव देतात, हे आम्हाला सहन होत नाही.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. प्रलंबित प्रकरणे किती, निकाली किती, महिनाअखेर शिल्लक किती, हे विवरणपत्र भरणे हा आमच्या पोटापाण्याचा भाग आहे आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही. राज्य असेच चालते. पण संध्याकाळी घरी येऊन ज्या मुलखात हिंडण्यासाठी आम्ही पदरचे पैसे मोजले, तेथेही 'एकूण ८४, पूर्ण ३१, शिल्लक ५३' असा तक्ता समोर यावा, ही थट्टा आहे. २००७ सालच्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये जागोजागी निशाणे रोवून ठेवली होती; ती गोळा करावयाची. त्यांची एकूण संख्या ४२०. दंडविधानाचे ते कलम २०२४ साली इतिहासजमा झाले, तरी त्या आकड्याचा आपल्याकडील अर्थ काही गेला नाही, आणि येथे तो पुरेपूर लागू पडतो. दोन वर्षांनी त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागात शंभर पिसे आली. त्यांमागची कल्पना खरोखर हृद्य होती : नायकाच्या धाकट्या भावाला पिसे जमविण्याचा नाद असतो, तो फासावर जातो, आणि मुलाच्या दुःखाने मूक झालेल्या आईसाठी थोरला पिसे गोळा करतो. दहा पिसांत ही कथा काळजाला भिडली असती. शंभरांत तिची मोजणी झाली. जपानी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या (२०१७) रचनाकारांना निदान विनोद तरी कळला. त्यांनी ९०० बिया दडविल्या, आणि सगळ्या शोधून काढणाऱ्याला बक्षीस म्हणून शेणाच्या गोळ्यासारखी दिसणारी एक सोनेरी वस्तू दिली. समजणाऱ्याने समजावे.

हे पूर्वीपासून असे नव्हते. २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्ये वाट विचारली तर माणसे ती तोंडी सांगत : पूल ओलांडा, नदीकाठाने जा, अमक्या खडकापाशी वळा. ते ऐकून, रोजनिशीत वाचून, मुलखाकडे डोळे उघडून पाहत जावे लागे. सांगणारा कधी चुकीचेही सांगे, जसे खऱ्या गावात होते. त्याच कंपनीच्या २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर खूण आली, आणि तेव्हापासून खेळणाऱ्याची नजर डोंगरावरून उठून पडद्याच्या कडेवरच्या त्या खुणेवर खिळली. २०११च्या 'स्कायरिम'ने तर कामेही यंत्राकडूनच पाडून घेण्याची सोय केली. अमुक गुहेत जा, तमुक मारून ये. एक संपले की दुसरे तयार.

यावर एक आक्षेप आम्हाला मान्य करून मगच पुढे गेले पाहिजे. नोकरदार माणसाला रात्री मुश्किलीने तासभर मिळतो. त्याने तो वाट चुकण्यात घालवावा काय? नकाशावर खूण असली तर काय बिघडले? हे आम्ही परक्याच्या तोंडून ऐकत नाही. आमचीही रात्र तेवढीच असते. ज्याला खूण हवी त्याने ती खुशाल लावावी. आमची तक्रार अशी की, खूण आहे हे गृहीत धरून आता पात्रांचे बोलणेच लिहिले जाते. म्हातारी 'माझा तवा आण' म्हणते. झोपडी कोठे, कोणत्या झाडापलीकडे, हे सांगत नाही, कारण बाण दाखवणारच आहे. खूण बंद केली की काम करताच येत नाही. म्हणजे सोय म्हणून आलेली वस्तू हळूहळू कथेतील शब्दच खाऊन टाकते. आणि गिऱ्हाइकाला असेच हवे असते, ही सबबही टिकत नाही. २०२२च्या 'एल्डन रिंग'मध्ये करावयाच्या कामांची वहीच नाही. कित्येकांच्या हातून कित्येक कथा निसटल्या, त्यांनी कपाळाला हात लावला. आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती खपल्या.

खुणेने नेमके काय हरवते हे पाहण्यासाठी खेळाचीही गरज नाही. आमचे जयपूर त्याला पुरेसे आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे शहर आखून वसविले. रस्ते सरळ, चौक नेमके. येथे हमरस्त्यावर वाट चुकणे कठीण. पर्यटक हवामहालाची छायाचित्रे घेतात, जंतरमंतर पाहतात, यादीतील नावापुढे खूण करतात. पण त्रिपोलिया बाजारातून चालताना मान जरा वर केली तर छपरांच्या वर एक मनोरा दिसतो. ईसरलाट त्याचे नाव. कोणी सरगासूली म्हणतात. जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह याने भाऊबंदकीतील विजयाचे स्मारक म्हणून तो १७४९ साली उभारला. पुढल्याच वर्षी, डिसेंबरात, खंडणीसाठी मल्हारराव होळकर चालून येत असता त्याने विष घेऊन प्राण दिला. मराठ्यांच्या बळावर माधोसिंह गादीवर आला; आणि जानेवारी १७५१ मध्ये हे नवे शहर पाहावयास, देवळे पाहावयास तटाच्या आत आलेल्या मराठ्यांची या शहरात मोठी कत्तल झाली. ती माणसे भटकंतीलाच आली होती. मराठी माणसाने जयपुरात येऊन हवामहाल पाहावा आणि या मनोऱ्याखालून नुसते निघून जावे, हे नित्य घडते. त्यावर एक प्रश्नचिन्ह लटकविले असते तर तो तेथे थांबला असता, खूण पुसून पुढे गेला असता. पण मान वर करून 'हे काय?' असे त्याने स्वतः विचारले नसते. आणि ज्याने विचारले नाही त्याला उत्तर सांगून उपयोग काय?

आपल्या मुलखाच्या वाट्याला या खेळांत काय आले तेही पाहण्यासारखे आहे. २०१७च्या 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी'मध्ये पश्चिम घाटाचा एक विस्तीर्ण भाग मोकळा सोडलेला आहे. जीपमधून चिखल उडवीत हिंडा. पाणी, झाडी, शिल्पे, सारे डोळ्यांचे पारणे फेडणारे. पण तेथे करावयाचे काय, तर एका बुरुजावर चढून नकाशावर खुणा करावयाच्या आणि होयसळांची ११ नाणी गोळा करावयाची. हळेबीड आणि बेलूर ज्यांनी घडविले त्या होयसळांविषयी ती नाणी एक अक्षर बोलत नाहीत. त्या घाटात वाट सांगणारा एक गुराखी नाही, भाकरी देणारे एक घर नाही. सह्याद्री ज्यांनी पायांखाली घातला आहे त्यांना हा घाट ओसाड वाटेल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' काढला, तेव्हा आम्हाला दुहेरी आनंद झाला. कारण खेळ पुण्याचा आणि त्यातील वास्तुशिल्प राजस्थानी वळणाचे. मोजक्या माणसांनी केलेले ते काम देखणे आहे. मात्र त्यातली वाट सरळ एकेरी आहे. झरोके दिसतात, त्यांत डोकावता येत नाही. हवेल्या लागतात, त्यांत कोणी राहत नाही. अफाट मुलूख रचण्यास अफाट पैसा लागतो, हे आम्ही जाणतो, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता यात त्यांचा दोष नाही. परंतु तव्याच्या कथेला पैसा किती लागला असेल? एक झोपडी, एक म्हातारी, आणि ती काय बोलेल याचा विचार करणारा एक लेखक.

तो लेखक मराठीत मिळणार नाही असे कोणी म्हणू नये. उद्या पुण्यामुंबईच्या कोणा तरुणांनी मोकळ्या जगाचा खेळ रचावयास घेतला, तर आमची सूचना अशी की त्यांनी गोडसे भटजींना नायक करावे आणि वरसईपासून झाशीपर्यंतचा मुलूख उघडा टाकावा. नकाशा भटजींना जेवढा ठाऊक होता तेवढाच द्यावा. वाटा घाटवाल्यांनी, धर्मशाळेतल्या यात्रेकरूंनी, शिपायांनी तोंडी सांगाव्या, आणि त्यांतल्या काहींनी खोट्या सांगाव्या. कामांच्या वहीत आरंभी एकच ओळ असावी : मथुरेस जाऊन दक्षिणा मिळविणे. ती ओळ शेवटपर्यंत तशीच, अपुरी राहिली तरी चालेल.