तव्यावरची शेवटची भाकरी

उद्या भोगी. सात नंदीध्वज संमती कट्ट्यावर येतील, ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागेल आणि अक्षता टाकून सोलापूर जेवायला घरी परतेल. घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, पावटा आणि हरभऱ्याच्या सोल्यांची भाजी, मुगाची खिचडी आणि वर लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. म्हणीत ‘तो’ आहे. आज ‘ती’विषयी लिहायचे आहे.

कारण ही भोगी रांधणारी बाई जेवायला बसते ती सर्वांत शेवटी. पाहुणे उठतात, सासरे आणि नवरा जेवतात, मुलांची पोटे भरतात, मग तवा उतरतो. तोवर भाजीच्या फोडी संपून तळाशी रस्सा उरलेला असतो आणि लोणी केव्हाच वाटले गेलेले असते. ‘मला काय, चालतंय काहीबी,’ असे म्हणून ती शेवटची भाकरी चटणीशी खाते. सणाच्या दिवशीची ही गत, तर एरवीचे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) याचे उत्तर आकड्यांत दिले. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, मोबाईल आले, घरोघरी गॅस पोहोचला आणि बाईचे रक्त मात्र घटले. देशभरात याच वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. घर एक, चूल एक, आणि तरी एवढे अंतर.

यातला काही भाग निसर्गाचा आहे. मासिक पाळीत दर महिन्याला रक्तासोबत लोह जाते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये रोजच्या लोहाची शिफारस करताना पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम सांगितले. तिची गरज जास्त, आणि उरलेसुरले तिच्याच ताटात. यातली पहिली गोष्ट निसर्गाने ठरवली, दुसरी आपण.

आपल्या जिल्ह्यात सकस अन्नाची वाण नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात उपाशी माणसांसाठी सरकारी कोठारे खुली केली, तिथली ही काळ्या मातीतली ज्वारी. मालदांडी ज्वारी तर भाकरीसाठी राज्यभर नावाजलेली. शेंगाचटणी, कारळ्याची आणि जवसाची चटणी, अंबाडी, चुका, हरभऱ्याचा पाला, हुलग्याच्या शेंगोळ्या, मोड आलेली मटकी हे सारे आपल्या आज्यांच्या रोजच्या जेवणातले. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह कितीतरी अधिक, बाजरीत त्याहूनही अधिक. आहारतज्ज्ञ आज जे सांगतात, ते आपल्या उतरंडीत आधीपासून होते. अडचण उतरंडीतून ताटात येताना होते, आणि तेही तिच्या ताटात येताना.

शहराच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी वळणाऱ्या बायकांसोबत एखादी दुपार काढावी. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, मान खाली, बोटे अखंड चाललेली. मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते, त्यामुळे जेवणासाठी उठणे म्हणजे तेवढ्या विड्या कमी. मग दुपार चहावर आणि खारीवर निघते. भूक मरते, काम चालू राहते. तंबाखूची धूळ छातीत जाते ती वेगळीच. याच बायकांनी लढा देऊन महिला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. हक्काचे छप्पर मागताना ज्यांचा आवाज कापला नाही, त्या स्वतःच्या घासाविषयी मात्र बोलत नाहीत.

चहाचा उल्लेख मुद्दाम केला. चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले, तर तेच अन्न अधिक अंगी लागते. उलट पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळले की लोह चांगले शोषले जाते. कडधान्याला मोड आणणे, ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करणे या जुन्या रीतींनीही तेच साधते. यासाठी महागडी पावडर लागत नाही. मात्र रक्त फार कमी झाले असेल, तर केवळ अन्नाने भरून येत नाही. गरोदरपणी दिली जाणारी लोहाची लाल गोळी, शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी ही औषधे आहेत, ती डब्यात ठेवायची नसतात. मळमळ होते, शौचास काळे होते म्हणून अनेकजणी गोळ्या सोडतात. शौचाचा रंग बदलण्यात धोका नाही आणि मळमळीवर आशाताईंकडे किंवा डॉक्टरांकडे उपाय असतो. पाळीत अंगावर फार जात असेल, तर ते सोसायचे नसते, दाखवायचे असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानात देशभर स्त्रियांसाठी तपासणी शिबिरे झाली. चांगलेच झाले. पण अभियानाचा पंधरवडा संपला तरी बाईचे रक्त तपासायचे उरतेच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोलापुरात गल्लोगल्ली हळदीकुंकू होईल. बायका हक्काने एकत्र येतात असे हे दिवस. त्यातली एक संध्याकाळ महापालिकेच्या दवाखान्यातील परिचारिकेला बोलावून हिमोग्लोबिन तपासणीसाठी द्यावी. गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल, तर तिथेच पुढची वाट सांगावी. वाणात प्लॅस्टिकच्या डबीऐवजी मूठभर अळीव किंवा कारळे द्यावेत. विडी कारखानदारांनी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि महापालिकेने काही दवाखाने कष्टकरी बायकांच्या सोयीने संध्याकाळी उघडे ठेवावेत. ही मागणी मोठी नाही.

सर्वांत अवघड बदल मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. तो घरातल्यांनीच करायचा आहे. उद्या भोगीची पहिली गरम भाकरी लोण्यासह तिच्या ताटात पडायला हवी, भाजीत फोडी असतानाच. त्यासाठी परातीपुढे दुसऱ्या कोणाला तरी बसावे लागेल. भाकरी वाकडी होईल, तव्यावर एखादी करपेल. होऊ द्या. ती गरम खाईल.