गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी

बाजारास माल नेण्याच्या दिवशीच जुन्या जीपचा अथवा पिकअपचा गिअर पडेनासा होतो, तेव्हा ‘क्लच गेला’ असा निवाडा बहुधा गाडी तपासण्यापूर्वीच दिला जातो. मग गिअरबॉक्स खाली उतरतो, नवी क्लचप्लेट बसते, मजुरी चुकती होते. आणि कित्येकदा गाडी पूर्वीसारखीच अडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार होय. ज्या गाडीचा क्लच द्रवाच्या दाबाने चालतो, तिचा गिअरबॉक्स दहा मिनिटांच्या तपासणीवाचून उतरविला जाऊ नये. आणि ही तपासणी गाडीच्या मालकाने स्वतःच करणे हितावह आहे.

या रचनेत गूढ असे काही नाही. पेडल दाबले की वरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरातील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो. तो दाब नळीवाटे गिअरबॉक्सजवळील खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरात पोचतो. तेथील दट्ट्या एक दांडी पुढे सारतो आणि ती दांडी क्लचचा काटा हलविते. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते. सबब नळीत हवा शिरली अथवा द्रव गळू लागला की पायाचे बळ वाटेतच विरते आणि धडधाकट क्लचप्लेटही निकामी भासते.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, हातब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. एकाने पेडल पूर्ण दाबावे. दुसऱ्याने खालच्या सिलिंडराची दांडी किती सरकते ते पाहावे. गाडीच्या माहितीपुस्तकात दिल्याइतकी ती सरकत असेल आणि तरीही गिअर पडत नसेल, तर दोष आत आहे. अशा वेळी गिअरबॉक्स उतरविणे रास्त ठरते. पेडल मऊ लागून दांडी थोडीच सरकत असेल, तर दोष द्रवाच्या मार्गात आहे. काही गाड्यांत खालचा सिलिंडर आवरणाच्या आतच बसविलेला असतो. तेथे मात्र हे निरीक्षण करता येत नाही. इंजिन जोराने फिरते पण चढावर गाडी ओढत नाही, ही तक्रार निराळी. तेथे क्लचप्लेट झिजल्याचा अथवा तिला तेल लागल्याचा संशय अधिक.

दोषाचे नेमके ठिकाणही लक्षणांवरून कळते. क्लचप्लेट झिजल्याने क्लचच्या स्वतंत्र टाकीतील पातळी उतरत नाही. ती उतरली की गळती आहे असे समजावे. पेडलाच्या वरच्या बाजूस ओल असल्यास मास्टर सिलिंडर, आणि खालच्या सिलिंडराच्या रबरी टोपणाखाली ओल असल्यास स्लेव्ह सिलिंडर तपासावा. बाहेर ओल नसताना दाबून धरलेले पेडल हळूहळू खचत असेल, तर बहुधा मास्टर सिलिंडराच्या आतील रबर दाब धरत नाही. दोनचार वेळा पेडल मारल्यावर गिअर पडत असेल, तर हवेचा संशय घ्यावा. पेडल कठीण लागून क्लच उशिरा सुटत असेल, तर रबरी नळी आतून फुगलेली असू शकते. सिलिंडरास आतून गंज अथवा ओरखडे असतील, तर केवळ नवे रबर घालणे व्यर्थ होय. ते लवकरच पुन्हा कापले जाते.

द्रवाविषयीची हयगय सर्वांत महाग पडते. टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला असेल, तोच वापरावा. ब्रेक ऑइल म्हणून मिळणारे डॉट ३ व डॉट ४ हे द्रव हवेतील ओलावा शोषतात. म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा आणि हवा काढताना बाहेर आलेला द्रव पुन्हा टाकीत ओतू नये. अशा गाडीत इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल कदापि घालू नये. त्यांनी रबर फुगते आणि दोन्ही सिलिंडर निकामी होतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास रंग उखडतो, यास्तव ते तत्काळ पाण्याने धुवावे.

हे काम मेकॅनिकचे, त्यात शेतकऱ्याने का पडावे, अशी शंका घेतली जाते. परंतु येथे गाडी खोलण्यास कोणी सांगत नाही. केवळ पाहण्यास सांगितले आहे. ‘क्लच बदला’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकास क्लचच बदलून मिळतो. ‘दांडी अर्धीच सरकते’ असे सांगणाऱ्यास नेमकी दुरुस्ती मिळते. क्लच नीट सुटत नसताना गिअरमध्ये इंजिन सुरू केल्यास गाडी उसळी घेते, आणि पुढे उभे असलेले मूल क्षणात चाकाखाली येऊ शकते. म्हणून अशी गाडी माल भरून बाजारात अथवा घाटात नेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या सभेत एका गाडीवर ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. पाहिलेले काम शेतकरी विसरत नाही, आणि वाचलेल्या पैशातून पुढच्या हंगामाचे बियाणे घरात येते.