आशांचा गौरव आणि श्रमाचे मोल

२२ मे २०२२ रोजी जिनिव्हा येथे पंचाहत्तराव्या जागतिक आरोग्य परिषदेला प्रारंभ झाला, त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कारांची घोषणा केली. सहा मानकऱ्यांमध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांचा समावेश होता. जगातील कर्तबगार स्त्रियांना मिळणारे पुरस्कार बहुधा एका नावाचे असतात. वंगारी माथाई यांना २००४ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, मेधा पाटकर व बाबा आमटे यांच्या नर्मदा आंदोलनाला १९९१ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला, तेव्हा कार्यामागे एक ओळखीचा चेहरा होता. खेडोपाडी विखुरलेल्या, नावानिशी कोणाला ठाऊक नसलेल्या लक्षावधी स्त्रियांना नेतृत्वाचा बहुमान मिळावा, ही घटना म्हणूनच असाधारण होती. परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावात दारोदार फिरणारी आशाही या मानकऱ्यांत मोडते.

परंतु ज्या स्त्रीला जगाने नेता म्हटले, तिला तिच्या देशाचा कायदा काय म्हणतो? कायद्याच्या दृष्टीने ती कर्मचारी नाही, कामगारही नाही. ती ‘स्वयंसेविका’ आहे. तिला मिळणाऱ्या रकमेला वेतन म्हणत नाहीत. मोबदला किंवा मानधन म्हणतात. या दोन शब्दांतील अंतर केवळ कोशातले नाही. वेतनामागे किमान वेतन, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान हे हक्क येतात; मानधनामागे फक्त मान येतो.

कामाचे स्वरूप

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरले. गरोदर स्त्रीची नोंद, तिला प्रसूतीसाठी दवाखान्यात नेणे, बाळंतिणीच्या घरी भेटी, लसीकरण, क्षयरोग्याला औषधे अशी कामे आणि त्या त्या कामाचे ठरावीक पैसे, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत याला उक्त्या कामाची मजुरी म्हणता येईल. उक्ते काम घेणाऱ्याच्या हाती निदान कामाचे प्रमाण असते. आशेच्या हाती तेही नसते. गावात एखाद्या महिन्यात प्रसूती झाली नाही, तर तिची मिळकत घटते. पण तिची पायपीट घटत नाही. मृगाच्या पावसाने काळ्या रानातल्या वाटा चिखलाने भरल्या, पेरणीची घाई सुरू झाली, म्हणजे ज्या बाईची भेट घ्यायची ती शेतात आणि भेट घेणारी बांधावर, असे चित्र मराठवाड्यात दिसते. हा वेळ कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही.

या कार्यपद्धतीचे मूळ बऱ्याच अंशी महाराष्ट्रातच आहे, हेही विसरता येत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्याचे काम समर्थपणे करू शकतात, हे दाखवून दिले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग गावातील स्त्रियांच्याच बळावर केला. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे ती सेवा आशांच्या कामाचा भाग झाली. महाराष्ट्राने देशाला ही कल्पना दिली. तिचे आर्थिक उत्तरदायित्व मात्र शासनाने पूर्णपणे कधीच पत्करले नाही.

करोनाच्या साथीत ही उणीव उघडी पडली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजण्याचे काम मोठ्या प्रमाणात आशांनीच केले. जिनिव्हाच्या गौरवामागे हीच कामगिरी होती.

गौरवाची किंमत

पुरस्कार व्यर्थ असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक सन्मानाने स्त्रीचा शब्द घरात आणि गावात ऐकला जाऊ लागतो. तिच्या मागून येणाऱ्या मुलींना वाट दिसते. राज्य शासनाने २०२३ मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने सन्मान देण्याची योजना आखली, तीमागील हेतू चांगलाच आहे. तथापि गौरव हा हक्काचा पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला, की त्याचा अर्थ बदलतो. गौरवाला खर्च थोडा लागतो आणि तो दिल्यानंतर देणाऱ्यावर कोणतेही बंधन राहत नाही. वेतन एकदा मान्य केले, की ते दरमहा द्यावे लागते.

घटनाक्रमच पाहावा. २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने योजनांवर काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार मानावे, अशी शिफारस केली. २०१८ मध्ये आशांच्या नित्याच्या कामांसाठीचा केंद्राचा मोबदला दरमहा १,००० रुपयांवरून २,००० करण्यात आला. दर्जा मात्र तोच राहिला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर महिन्याभरातच आशांचा जागतिक गौरव झाला. आणि दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या देऊन बसल्या. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ही वाढ पुरस्काराने मिळाली नाही, संघटनेने मिळवली. मात्र मैदानात बसलेल्या स्त्रियांना संप करणाऱ्या बेशिस्त बाया म्हणून हिणवणे सोपे राहिले नव्हते, एवढे श्रेय त्या पुरस्कारालाही द्यावे लागेल.

तिजोरीचा युक्तिवाद

शासनाकडे पैसा नाही, हे उत्तर नेहमीचे आहे. राज्यात आशांची संख्या सुमारे ७० हजार धरली, तर ५,००० रुपयांच्या या वाढीचा बोजा वर्षाला सुमारे ४२० कोटी रुपये होतो. ही रक्कम लहान नाही. परंतु याच राज्याने २०२४ मध्ये स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजना जाहीर केली, तेव्हा तिचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी रुपये अंदाजण्यात आला होता. गरीब स्त्रीच्या हाती थेट पैसा जावा, याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच उरतो, की अनुदानासाठी तिजोरी उघडते आणि श्रमाच्या मोलासाठी ती का अडखळते? याचे उत्तर तिजोरीत नाही, संबंधाच्या स्वरूपात आहे. अनुदान देणारा दाता ठरतो. वेतन देणारा देणेकरी ठरतो. स्त्रियांचे दाते होणे राज्यकर्त्यांना मानवते, देणेकरी होणे जड जाते.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच महिला. जुन्या नोंदींत स्त्रीचा व्यवसाय म्हणून नुसते ‘पत्नी’ असे लिहिले जाई आणि तिने शेतात वा घरच्या धंद्यात केलेले काम हिशेबातून गळे, हे त्यांनी अमेरिकेच्या इतिहासावरून दाखवले. आशेच्या नावापुढे लिहिलेला ‘स्वयंसेविका’ हा शब्द तेच काम करतो.

झरीतील असो वा जिनिव्हातील, सन्मानाची कसोटी समारंभानंतर लागते. श्रम परिषदेची २०१३ ची शिफारस मान्य करून कामगाराचा दर्जा, ठरावीक तारखेला वेतन आणि निवृत्तीनंतरची तरतूद एवढे केंद्राने केले, तरी त्या जागतिक पुरस्काराचे सार्थक होईल. गावाच्या हातीही काही आहे. ग्रामसभेने ३१ मे रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला सत्कार करताना आपल्या गावच्या आशेचा मोबदला किती महिने थकला आहे, हे विचारावे आणि तो वेळेवर देण्याचा ठराव वर पाठवावा. तसे झाले, तर अंगावरच्या शालीला काही अर्थ येईल.