होडीवाला मिस्कीन

गेल्या वर्षी रमजानच्या आधी जमातीच्या बैठकीत मी एक अर्ज ठेवला. चुलत भावाची २६ फुटी फायबरची होडी, वीसेक वर्षांची, दुरुस्तीला आली होती. जकातीच्या पैशातून तिला मदत व्हावी, एवढंच म्हणणं होतं. अर्ज वाचून एक ज्येष्ठ ट्रस्टी हसले. "अहो, ज्याच्या नावावर होडी आहे तो मिस्कीन कसा?" बाकीचेही हसले आणि पुढचा विषय निघाला: किटांमध्ये या वेळी तेल एक लिटर द्यायचं की दोन.

मी तिथे गप्प बसलो. वयाचा मान म्हणा, भित्रेपणा म्हणा. ते उत्तर आता इथे देतो.

आमच्यातले बरेच लोक दर जुम्म्याला सूरह कहफ वाचतात. हसणारे ट्रस्टीही वाचतात. त्या सूरहमध्ये हजरत मूसा आणि अल्लाहचा एक ज्ञानी बंदा, ज्याला आपण खिज्र म्हणतो, यांच्या प्रवासाची गोष्ट आहे. दोघं एका होडीत बसतात आणि खिज्र त्या होडीलाच भोक पाडतात. मूसा चिडतात. पुढे ७९व्या आयतीत कारण कळतं. पलीकडे एक राजा होता, तो चांगली दिसेल ती होडी जबरदस्तीनं ताब्यात घेत होता. होडी सदोष दिसली तर ती मालकांकडेच राहणार होती. आणि ते मालक कोण होते? समुद्रावर राबणारे. कुरआननं त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आहे 'मसाकीन', म्हणजे मिस्कीनचं अनेकवचन. होडी त्यांच्या मालकीची आहे आणि तरी ते मिस्कीन आहेत. ट्रस्टींना ज्याचं हसू आलं, ते अल्लाहच्या किताबात लिहिलेलं आहे.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्यानं तिच्यातले अडीच टक्के दरवर्षी काढून द्यायचे, ती जकात. ती कुणाला द्यायची हे सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ठरवून दिलं आहे. आठ प्रकारचे लोक आहेत. त्यात फकीर आहेत, मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेलेही आहेत.

आता फकीर आणि मिस्कीन यांत फरक काय, यावर फिकहच्या इमामांमध्ये जुना वाद आहे. हनफी मताप्रमाणे मिस्कीन जास्त गरीब. पण आपण कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई आहोत, आणि शाफई मजहबात याच होडीच्या आयतीचा दाखला दिला जातो. होडीसारखी वस्तू असूनही ज्याचं भागत नाही तो मिस्कीन. ज्याच्याकडे जवळपास काहीच नाही तो फकीर. तेराव्या शतकातले इमाम नववी तर याहून पुढे जातात. कारागिराला जकात द्यायची तर त्याच्या धंद्याची हत्यारं घेता येतील एवढी द्यावी, म्हणजे त्याचा धंदा त्याला पुरेल, असं त्यांच्या 'मजमू'मध्ये आहे. आपण नमाजेत हात कुठे बांधायचे याच्यासाठी शाफई आहोत, जकात वाटताना मात्र किराणा दुकानदाराचा मजहब पाळतो.

हे कडू वाटेल. पण होडीकडे या, मग बोलू.

ती होडी मी नीट पाहिली तेव्हा वरून रंग छान होता. भावानं दोन वर्षांपूर्वी पुट्टी भरून निळा रंग मारला होता. फायबरचं काम करणाऱ्या मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं ठोकत ठोकत पुढून मागं जायला सुरुवात केली. नाळेकडे टणटणीत आवाज आला. मधे एके ठिकाणी आवाज बसला, आणि मागच्या फळीला, जिथे मशीन टांगतात, तिथे ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा भद्द झाला. मशीनच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलं होतं. आतली प्लायवूड हातानं चुरा होऊन निघाली. तळाला फोड आले होते, एक फोडला तर आंबूस वासाचं पाणी आलं. रंग मारला नसता तर दोन वर्षांपूर्वीच हे दिसलं असतं, आणि तेव्हा खर्च निम्मा झाला असता.

फायबर कुजत नाही, असं सगळे म्हणतात. खरंही आहे. पण त्याच्या पोटातलं लाकूड कुजतं, थरांमध्ये पाणी शिरलं की थर सुटतात. आणि लाकडी होडीचं निदान सरण तरी होतं. फायबर धड जाळता येत नाही, वितळवून दुसरं काही करता येत नाही. मोडलेल्या होड्या खाडीच्या चिखलात पडून राहतात. आमच्या बंदरावर अशा पाच आहेत. प्रत्येकीच्या मालकाचं घर मला माहीत आहे. दोघं आता दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर खलाशी आहेत, आणि त्यातल्या एकाच्या घरी दर रमजानला किट जातं.

दुरुस्तीला घाई चालत नाही. कुजलेलं सगळं कापून काढायचं, ग्राइंडरनं कडा तिरप्या घासायच्या. थराच्या जाडीच्या दहा-बारा पट रुंद उतार असला तरच नवा थर जुन्याला धरतो. काचेची भुकटी अंगभर खाजते, नाकाला फडकं नाही, चांगला मास्क लागतो. मग गोड्या पाण्यानं धुवायचं आणि वाळवायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा वाळवायचं. मिस्त्रीनं एक साधी युक्ती दाखवली. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा तळाला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतून दव दिसलं. "अजून ओली आहे, भाईसाहेब, थांबा." आठ दिवसांनी पुन्हा लावला, तेव्हा कोरडा निघाला. मग नवी मरीन प्लाय, मॅट, रोव्हिंग आणि रेझिनचे थर. मे महिन्यातल्या उकाड्यात हार्डनर जरा जास्त पडलं तर रेझिन डब्यातच घट्ट होऊन धूर सोडतं, म्हणून काम सकाळी नऊच्या आत. ओल्यावर थर दिला तर तो धरत नाही, म्हणून सगळं पावसाच्या आधी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. म्हणजे दुरुस्तीचे खरे दिवस एप्रिल-मेचे, आणि नेमके तेव्हाच पैसे हातात हवेत. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. याच्याहून चांगला मेळ कुठला हवा होता?

मशीन खोलून दुरुस्त करण्यासकट खर्च आला ४६ हजार. तशीच नवी होडी मशीनसह घ्यायची तर विचारलेला कुणी चार लाखांच्या खाली बोलायला तयार नव्हता. जमातीनं दिले नाहीत. चुलत भावाला जकात देता येते, म्हणून माझी जकात मी त्याला दिली, बाकीचे तीन नातेवाइकांनी मिळून कर्ज-ए-हसना म्हणून दिले. नातेवाइकासाठी मी हे सगळं लिहितोय असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगतो, की त्याची होडी पाण्यात आहे. त्याला आता काही नको.

मी बोलतोय ते त्या पाचांसाठी. ज्यांचे असे नातेवाईक नाहीत ते कुठे जातात हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. मासळीच्या व्यापाऱ्याकडे जातात. व्यापारी उचल देतो. त्यावर व्याज नाही, म्हणून आपल्या मनालाही बरं वाटतं. अट एकच, सगळी मासळी त्याच्या काट्यावर घालायची आणि भाव तो सांगेल तो. किलोमागे जे कमी मिळतं त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. पुढच्या पावसाळ्यात आणखी उचल, आणि एक दिवस होडी त्याच्या अंगणात. सूरह कहफमधला राजा निदान जबरदस्ती करायचा. इथे होडीवाला स्वतःच ती ओढत नेऊन देतो. व्याज हराम म्हणून बँकेच्या दारात न जाणाऱ्या माणसाला आपण दुसरं दार दाखवत नसू, तर व्याजावरची आपली तकरीर कुणासाठी आहे?

सरकारी योजना आहेतच की, असं काही मित्र म्हणतात. आहेत. २०२०पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना बदली होडी आणि जाळ्यासाठी अनुदान आहे, सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. योजनेचा लाभ जरूर घ्यावा, कागद करायला मी स्वतः लोकांबरोबर बसतो. पण उरलेले ६० टक्के कुठून आणायचे? आणि नवी होडी देण्यातली हौस दुरुस्तीला नसते. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देणगीदारांनी फायबरच्या होड्यांची रांग लावली. काही ठिकाणी बुडाल्या होत्या त्याहून जास्त होड्या वाटल्या गेल्या, बऱ्याच कच्च्या बांधणीच्या होत्या. नव्या होडीसमोर फोटो निघतो. मागची फळी बदललेल्या जुन्या होडीचा फोटो कोण काढणार? आपलं किटही फोटोत छान दिसतं.

एक आक्षेप मात्र मला खरंच अडवतो. मासळीच उरली नाही, मग होडी दुरुस्त करून काय करणार, पोराला गल्फला पाठवा. राज्यात पर्ससीनवर २०१६ साली निर्बंध आले, दिवे लावून मासे गोळा करायला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री समुद्राकडे पाहिलं की उजेड दिसतो. छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात पूर्वीइतकं येत नाही, हे मी नाकारत नाही. भावाच्या होडीनं तो श्रीमंत होणार नाही. पण या हंगामात त्यानं मासळी कुणाला द्यायची हे तो ठरवतोय. सकाळी बंदरावर दोन व्यापाऱ्यांना भाव विचारतो, मग काटा लावतो. आणि गल्फचं म्हणाल तर एजंटचे पैसे द्यायला आपल्याकडे पदरमोड होते, होडीला होत नाही, याचं उत्तर मला कुणी देत नाही.

किटांना माझा विरोध आहे असा अर्थ काढू नका. विधवा आहे, आजारी आहे, म्हातारं माणूस एकटं आहे, तिथे धान्यच गेलं पाहिजे, बारा महिने गेलं पाहिजे. पण ज्याला हातपाय आहेत, समुद्राची माहिती आहे, फक्त होडीची मागची फळी कुजली आहे, त्याच्या हातात तांदळाची पिशवी देणं म्हणजे ओल्या लाकडावर पुट्टी मारणं. जकात त्याच्याच मालकीची करून द्यावी लागते, ही अटही इथे पुरी होते; पैसे त्याच्या हातात द्या, रेझिनचे डबे तो आणेल.

जाता जाता, सूरह कहफमधल्या त्या होडीचं पुढे काय झालं? बुखारी शरीफच्या एका रिवायतीत आहे, की राजाचा धोका टळल्यावर मालकांनी ती दुरुस्त केली आणि पुन्हा वापरली. भोक कशानं बुजवलं यावरही रावींमध्ये मतभेद आहे, कुणी बाटली म्हणतं, कुणी डांबर.

या वर्षी मी पाचही होड्यांची पाहणी मिस्त्रीला करायला लावली. दोन गेलेल्या आहेत, त्यांच्यावर पैसे घालू नयेत असं त्यानं स्पष्ट सांगितलं. तीन वाचतील. तिघांचा अंदाजे खर्च, होडीवाल्यांच्या सह्या आणि ७९व्या आयतीचा उल्लेख असलेला कागद शाबानमध्ये ट्रस्टींकडे दिला आहे. एक ट्रस्टी, हसलेल्यांतलेच, परवा संध्याकाळी एकटे बंदरावर आले होते. त्यांनी मागच्या फळीला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "मे महिन्यापर्यंत वाळेल का ही?" किटांची ऑर्डर अजून गेलेली नाही.