तास भरणारा मास्तर नको, शिकवणारा हवा

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्यातला एक बाप भेटला. पोराला पायलट करायचं म्हणून दोन एकर विकले त्यानं. पोरगं अजून एकट्यानं उडालेलं नाही आणि मास्तर मात्र चौथा चालू आहे. पहिला एअरलाइनमध्ये लागला, दुसऱ्यानं संस्था बदलली, तिसरा पुढच्या ट्रेनिंगला गेला. नवा मास्तर आला की, "आधी तुला काय येतंय ते बघू," म्हणत पुन्हा दोन-तीन तास. बिल बापाच्या नावावर.

यावर बोललं की ठरलेलं उत्तर येतं. "अहो, ते प्रोफेशनल प्रशिक्षक आहेत. हौशी लोकांच्या हाती पोरं देता का?"

मग या 'प्रोफेशनल' शब्दाचाच हिशेब करू.

आपल्याकडं विमान शिकवायला कमर्शियल लायसन्स लागतं, म्हणजे किमान 200 तासांचं उड्डाण, आणि वर प्रशिक्षकाचं रेटिंग. नियम चूक नाही. पण शिकवताना झालेलं उड्डाण मास्तरच्याही लॉगबुकात जमा होतं. त्यामुळं कित्येकांसाठी ही नोकरी म्हणजे एअरलाइनची वेटिंग रूम. अमेरिकेतही हीच तऱ्हा. तिथं 2013 पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारण 1500 तास लागतात आणि ते भरायचा नेहमीचा रस्ता म्हणजे पोरांना शिकवणं. या तरुणांना मी दोष देत नाही, कर्ज त्यांच्याही डोक्यावर असतं. पण कॉलेजात तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक डोळ्यासमोर आणा. त्याचं अर्धं लक्ष पुढच्या जाहिरातीकडं असतं. तेच इथं, फक्त वर्ग हवेत भरतो.

आता 'हौशी' बघू. युरोपच्या नियमांत खासगी लायसन्स असलेला वैमानिकही प्रशिक्षक होऊन खासगी वैमानिक घडवू शकतो, त्याचे पैसेही घेऊ शकतो. फुकटची सूट नाही ती. 200 तासांचा अनुभव लागतो, कमर्शियलच्या दर्जाचं लेखी ज्ञान लागतं, प्रशिक्षकाची परीक्षा वेगळी. असा माणूस एअरलाइनच्या फोनची वाट बघत नाही. तो पुढच्या वर्षीही त्याच धावपट्टीवर सापडतो.

हे एवढं महत्त्वाचं का? खासगी लायसन्सला आपल्याकडं किमान 40 तास लागतात आणि हाताला सवय त्याच तासांत लागते. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, की घाबरलेला माणूस दांडा मागं ओढतो. करायचं असतं उलट, नाक खाली. हे पुस्तकात एका ओळीत येतं, हातात यायला मात्र शेजारी असा मास्तर लागतो, ज्याला कळतं की पोराला किती वेळ चुकू द्यायचं आणि कधी दांडा हातात घ्यायचा. मार्च 2023 मध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या जंगलात कोसळलं. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी मुलगी, दोघंही गेले. कारण ठरवणं माझं काम नाही, तो चौकशीचा विषय. पण त्या छोट्या केबिनमध्ये तिसरं कुणी नसतं, एवढं तरी लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, हौशी माणूस रविवारपुरता येतो, त्याला शिस्त कोण लावणार? बरोबर आहे. हौस म्हणजे लायकी नव्हे. पण पगारपत्रकही लायकी नव्हे! मी स्वतः पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस. शाळेत शिकवून संध्याकाळी बातमी देणारे वार्ताहर माझ्याहून चोख काम करताना रोज बघतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. फी घेण्याआधी संस्थेनं सांगावं की आपले प्रशिक्षक सरासरी किती महिने टिकतात. मधेच मास्तर बदलला तर उजळणीच्या तासांचा खर्च संस्थेनं सोसावा. हवाई दलातून, एअरलाइनमधून निवृत्त झालेल्यांना अर्धवेळ शिकवायला बोलवा. परीक्षा आणि तपासणी मात्र सगळ्यांना सारखीच. आणि जो शिकवण्यातच राहू इच्छितो, त्याला राहण्याजोगा पगार द्या.

पोराला प्रवेश घ्यायला निघालेल्या पालकांनो, विमानं किती आहेत ते नंतर विचारा. आधी विचारा, "मास्तर वर्षभर राहणार का?"

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.